सगुणाची सुई

घाटाच्या तोंडाशी, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि डोंगरवाड्यांची दगडगोट्यांची वाट सुरू होते, तिथे एका वस्तादांचे गॅरेज होते. त्यांचे खरे नाव बहुधा त्यांना स्वतःलाही सही करतानाच आठवत असावे. सारी पंचक्रोशी त्यांना वस्तादच म्हणे. बोलणे बेताचे, हात मात्र अखंड चालणारे. त्यांच्यापाशी हैबती नावाचा एक शिष्य होता, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

हैबतीच्या हातात विद्या होती, यात शंका नाही. घरघरणाऱ्या इंजिनाजवळ कान नेला की दुखणे कुठे आहे ते त्याला समजे. एकदा ऐन चढावर यात्रेकरूंनी भरलेली बस अडकली, तेव्हा हा गडी दिवसभर चिखलात उताणा पडून राहिला, भाकरीला शिवला नाही, आणि बस मार्गी लावून मगच उठला. पण हाच हैबती कुठे कुस्त्यांचा फड लागल्याचे कळले की कुणाला न सांगता नाहीसा होई. आणि सकाळी वेळेवर उठणे? ते तर त्याच्या कुंडलीतच नव्हते! गॅरेजच्या मागे पत्र्याच्या खोलीत तो झोपे. रोज सकाळी वस्ताद जाऊन दार ठोठावत, मग आत खाट करकरे आणि स्वारी डोळे चोळत बाहेर येई.

त्या वर्षी जत्रांच्या दिवसांत तो असाच गेला आणि बऱ्याच दिवसांनी ओशाळल्या तोंडाने परतला. तोवर शेजारच्या टायरवाल्याने आपल्या भाच्याचे नाव वस्तादांच्या कानावर घातले होते. मुलगा शिकलेला, शांत, घड्याळाच्या काट्यावर येणारा. “असल्या बेभरवशाच्या माणसाला किती दिवस सांभाळणार, वस्ताद?” टायरवाला हैबतीच्या देखतच म्हणाला. वस्ताद आपले हातातले नटबोल्ट पुसत राहिले. हैबती धास्तावला. या गॅरेजबाहेर त्याला ना घर होते, ना गणगोत. वस्तादांनी जा म्हटले, तर जायचे कुठे? त्याने मनाशी ठरवले की आता जे काम हाती येईल ते असे करायचे, की वस्तादांनी तोंडात बोट घातले पाहिजे.

काम आले ते सगुणाचे.

सगुणा ही गुलाबशेठांची गाडी. गुलाबशेठ हिरडा आणि मधाचे व्यापारी. वाडीवस्तीवर जाऊन माल घेत, चुलीपाशी बसून चहा पीत, कुणाच्या पोरीचे लग्न ठरले, कुणाची म्हैस व्याली, सगळी खबर घेऊन परतत. गाडी जुनी, उघडी, चारही चाकांत जोर असलेली. ओढा असो, खडक असो, गुडघाभर चिखल असो, ती कशालाही बधत नसे. बैलगाडीवाले जिथून मागे फिरत, तिथून ती सावकाश वर चढून जाई. पण नखरे म्हणाल तर विचारू नका. कापडी टप गळे, दार मध्येच उघडे, आणि सकाळी चालू होणे सर्वस्वी तिच्या मर्जीवर! इंजिनात पेट्रोल सोडणारी एक बारीक सुई असते, ती बराच वेळ उभ्या गाडीत चिकटून बसे. मग शेठ बॉनेट उघडत, पान्याच्या दांड्याने नेमक्या जागी दोन हलके ठोके देत आणि मायेने म्हणत, “काय गं सगुणा, निघायचं ना?” की सगुणा चालू. जागा तसूभर चुकली तर ढिम्म. शेठांच्या मुलाने ठोकून पाहिले, ड्रायव्हरने शिव्या देऊन पाहिले. तिने कुणालाही दाद दिली नाही. शेठ बाजारात चारचौघांत तिला नावे ठेवत, पण दुसऱ्या कुणी ठेवली की त्यांचा पारा चढे.

ती सर्व्हिसिंगला आली तेव्हा वस्ताद परगावी निघाले होते. जाता जाता म्हणाले, “ऑइल बदल, ब्रेक नीट बघ. बाकी राहू दे.”

हैबती कसला राहू देतोय! त्याने ब्रेक तर केलेच, पण टाकी उतरवून गंज काढला, टप शिवून घेतला, दाराची कडी बदलली आणि ती खोडकर सुई काढून तिच्या जागी नवी कोरी बसवली. शेठ गाडी न्यायला आले. सवयीने पाना हातात घेऊन आले होते. हैबती म्हणाला, “शेठ, नुसती किल्ली फिरवा.” त्यांनी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. शेठ पाना हातात धरून क्षणभर तसेच बसले, मग “शाबास हो, छान केलंस,” म्हणून निघून गेले. हैबतीला वाटले, आनंदाने माणसाला शब्द सुचले नाहीत.

हिरड्याचा मोसम भरात आला. आणि ऐन मोसमात एके दिवशी गुलाबशेठ चक्क चालत गॅरेजवर आले आणि बाकड्यावर बसले.

“शेठ, आज वाड्यांवर नाही गेलात?” वस्तादांनी विचारले.

“सगुणा गेलीय की. ड्रायव्हर नेतो आता. मुलगा म्हणतो, आप्पा, या वयात कशाला हाडं खिळखिळी करून घेता? बरोबरच आहे त्याचं.” शेठ हसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, “वरच्या वाडीतली म्हातारी विचारत होती म्हणे, शेठ अंथरुणाला खिळलेत का म्हणून.”

समोरचा चहा निवत चालला होता. हैबतीने पाहिले, की वस्ताद गाडीकडे नव्हे, शेठांच्या रिकाम्या हातांकडे पाहत आहेत.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी निरोप धाडून गाडी बोलावून घेतली आणि संध्याकाळी न्यायला या म्हणून ड्रायव्हरला परत पाठवले. मग त्यांनी जे केले ते पाहून हैबतीचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यांनी नवी सुई काढली. भंगाराच्या डब्यात हात घालून जुनी शोधली, फडक्याने पुसली आणि पुन्हा जागच्या जागी बसवून टाकली.

“वस्ताद, अहो ती खराब आहे!”

“ठाऊक आहे मला.”

ड्रायव्हर आला. किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झाला, शेवटी झक मारत शेठांना बोलवायला गेला. शेठ लगबगीने आले. तोंडाने कुरकुर चालली होती, “आता काय झालं हिला, चांगली होती की!” पण बॉनेट उघडताना त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा दिसत होता. दोन ठोके दिले. “काय गं सगुणा, निघायचं ना?” गाडी गुरगुरून चालू झाली. शेठांनी वस्तादांकडे पाहिले. वस्ताद अगदी मन लावून हात पुसत होते. शेठ ड्रायव्हरला म्हणाले, “सरक तिकडं, मी घेतो,” आणि गाडी घराकडे न वळता सरळ वरच्या वाडीच्या वाटेला लागली.

इकडे हैबती पार खचला. आपल्या कष्टांवर वस्तादांनी स्वतःच्या हातांनी पाणी फिरवले, याचा अर्थ उघड होता. तो मुकाट्याने खोलीत गेला आणि कपडे पिशवीत भरू लागला. वस्ताद दारात येऊन उभे राहिले.

“कुठं निघालास?”

“तुम्ही सांगायच्या आधी आपणच गेलेलं बरं.” त्याने पिशवी उचलली. “काम वाईट केलं होतं का मी? एवढं तरी सांगा.”

वस्ताद खाटेच्या कडेला टेकले. “कामात खोट नव्हती. ब्रेक तर माझ्यापेक्षा सरस केलेस. उतारावर दगा देणारी खोड असती, तर मी ती एक दिवस ठेवली नसती. पण सगुणाची खोड दारातली आहे. दारात रुसते आणि डोंगरात साथ सोडत नाही, अशा गाडीला माणूस शिव्या देतो आणि तिच्यावाचून त्याला करमतही नाही. हे असं का, याचा विचार केलास कधी? किल्लीसरशी निघणाऱ्या गाडीला नुसता बसणारा लागतो. सगुणाला गुलाबशेठ लागत होते. रोज सकाळी ती त्यांना हाक मारून अंगणात बोलवायची, आणि त्या हाकेला ओ देत ते डोंगर चढायचे. तू खोड काढलीस बाबा, पण त्या खोडीबरोबर ती हाकही निघून गेली. गाडी शेठांचीच राहिली, शेठ मात्र कुणाचे उरले नाहीत.”

हैबती खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने विचारले, “आणि टायरवाल्याचा भाचा?”

“मुलगा गुणी आहे. त्याला कुणीही ठेवून घेईल, असं सांगितलं मी.” वस्ताद उठले. “ती पिशवी खाली ठेव आधी. उद्या सकाळी घाटात एक ट्रक बघायचाय. आणि हे बघ, फडाला जायचं तर सांगून जात जा. चोरासारखा जाऊ नकोस, इथं घास उतरत नाही कुणाच्या घशाखाली.”

‘कुणाच्या’ म्हणजे कुणाच्या, ते त्यांनी सांगितले नाही. हैबतीला विचारायची गरज भासली नाही.

दुसऱ्या दिवशी नवल घडले. तांबडे फुटायच्या आधीच हैबतीला जाग आली. त्याने तोंड धुतले, कपडे केले, बूट बांधले. आज आपणच जाऊन गॅरेज उघडावे, वस्तादांना थक्क करावे, अशा विचाराने त्याने कडीला हातही घातला. तेवढ्यात बाहेर वस्तादांच्या वहाणा वाजल्या. सावकाश, रोजच्यासारख्या, त्याच्याच दाराकडे येणाऱ्या.

हैबतीने कडीवरचा हात काढला आणि आवाज न करता तो परत खाटेवर जाऊन बसला.

पत्र्यावर पान्याच्या दांड्याचे दोन हलके ठोके पडले. “काय रे हैबती, निघायचं ना?”

त्याने थोडा वेळ जाऊ दिला, मुद्दाम खाट करकरवली आणि मग म्हणाला, “आलो, वस्ताद.”