पेवात सोडलेला कंदील

कृष्णाकाठच्या एका गावात एक हळदीचं घर होतं. त्या घरात सारिका नावाची मुलगी वाढली. तेव्हा हळद पेवात ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंडाशी अरुंद, पोटात रांजणासारखा फुगीर. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं. वर्षं जावोत, हळदीला ना कीड ना ओल.

पेव उघडलं की कोंडलेल्या हवेची भीती. म्हणून सारिकाचे आजोबा, तुकाआबा, आधी दोरीनं कंदील सोडत. विझला की थांबायचं, वारं खेळू द्यायचं, मग पुन्हा सोडायचा. गडी चेष्टा करत, "आबा, कालच तर उघडलंय! त्या कंदिलाला तरी किती येरझारा?"

आबा म्हणत, "उतरणारा माझ्या शब्दावर श्वास घेतो, लेका."

पुढं महापूर आला. पेवं ढासळली. उंचवट्यावरचं आबांचं तेवढं उरलं, तेही रिकामं. आबाही गेले. हळद आता मोठ्या ड्रममध्ये घोळून चकचकीत करतात. पिवळ्या धुरळ्यात बायका खोकत राहतात. सारिकाची आई इंदुबाई त्यांतलीच.

आधी बायका नाकाला पदर बांधत. मग प्लास्टिकचे मास्क आले. वापरले की उकिरड्यावर. तेच खत रानात गेलं आणि हळद काढताना गड्ड्यांना मास्कचे तुकडे गुंडाळलेले निघू लागले.

"मातीला पण मास्क घातला गं आम्ही!" इंदुबाई हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

तो ठसका सारिकाच्या जिवाला लागला. ती शहरात शिकून आली होती. तिनं घरामागच्या खोलीत एक यंत्र मांडलं. मक्याच्या सत्त्वाचा पाक सुईतून सोडायचा. विजेच्या ओढीनं त्याचा कोळ्याच्या जाळ्याहून तलम धागा होई आणि थरावर थर बसून चकती तयार होई. जुन्या लुगड्याच्या दुपदरी पट्टीत ती चकती सरकवायची, धुरळा तिथंच अडायचा. चकती उकिरड्यावर टाकली की माती व्हायची. पट्टी धुऊन पुन्हा वापरायची.

पण पावसाळी हवेत ठेवलेल्या चकत्या भिजल्या पापडागत मऊ पडू लागल्या. ड्रमचे मालक भूपालशेठ म्हणाले, "सगळ्या बायकांसाठी घेतो. पण गोदामात टिकायला हव्यात. पाकात चिमूटभर प्लास्टिक घाल की."

सारिकानं घालून पाहिलं. चकती ताठ राहिली. मग तिनं साधी आणि ही, दोन्ही उकिरड्यात पुरल्या. काही महिन्यांनी उकरलं. साधीचा मागमूस नव्हता. दुसरीची जाळी तशीच होती, नजरेला जेमतेम दिसेल इतकी झिरझिरीत.

"एवढीशी जाळी! कोण उकरून बघतंय, पोरी?" शेठ म्हणाले. "मातीत विरते असंच सांग. नाहीतर आपला व्यवहार मोडला."

सारिकानं ती जाळी उजेडात धरली. आईचा खोकला आतून ऐकू येत होता. एक हो म्हटलं की सगळ्या बायकांची सोय होत होती. तेवढ्यात तिला आबांच्या हातातली दोरी आठवली. काल उघडलेल्या पेवातही सोडलेला कंदील आठवला.

"आम्ही विरते म्हणायचं आणि बायकांनी विश्वासानं आपल्याच रानात टाकायची," ती म्हणाली. "नाही जमणार, शेठ."

शेठ उठून गेले. सारिका तशीच चालत उंचवट्यावर गेली. रिकाम्या पेवाच्या कडेला बसली. अजून हळदीचा वास येत होता. ओल नाही, कीड नाही… आणि ती ताडकन उठली.

पुढच्या पावसाळ्याआधी तिनं साध्या चकत्या पेवात रचल्या, तोंड लिंपलं. पाऊस सरल्यावर पेव उघडलं. पहिला कंदील विझला. वारं खेळू दिलं. दुसरा तेवत राहिला, तेव्हाच गडी उतरला. चकत्या वर आल्या त्या कोऱ्या पानासारख्या कडक!

भूपालशेठही बघायला आले होते. एक चकती त्यांनी बोटांत मोडून पाहिली आणि बायकांसाठी सगळ्या विकत घेतल्या.

पुढच्या हंगामात इंदुबाईनं रानातला गड्डा उपटला, माती झटकली. नुसती हळद. "आबांचं पेव पुन्हा नांदतंय बघ," ती म्हणाली. त्या दिवशी तिला बोलताना ठसका लागला नाही.

तात्पर्य: जो आपल्या शब्दावर विसंबतो, त्याच्याशी, कुणी उकरून बघणार नसलं तरी, खरेपणानंच वागावं.