गोजरीचं गुणगुणणारं विरजण

एक होता डोंगर. चांगला उंच, ढगात डोकं खुपसून बसलेला. त्या डोंगरावर चारच घरं, आणि त्यातल्या एका घरात राहायची गोजरी. गोजरी, तिचे आबा आणि भुरी नावाची म्हैस. आई? आई देवाघरी गेली होती, बाळांनो. पण सगळीच्या सगळी गेली नव्हती, बरं का. कशी ते सांगते. हात आत घ्या आधी पांघरुणात.

गोजरीची आई रोज दुधाला विरजण लावायची आणि लावताना गुणगुणायची. शब्द काही नाहीत, नुसतं हूं हूं हूं. रोज तेच. मग काय झालं, ते गुणगुणणं हळूहळू विरजणातच मुरलं. आई गेली, पण सकाळी गाडग्यावरची झाकणी काढली की आतून आवाज यायचा, हूं हूं हूं. दही तर असं घट्ट, की गाडगं उलटं केलं तरी पडायचं नाही. तो आवाज ऐकला की भुरी पान्हा सोडायची, आबांच्या कपाळावरची आठी जायची आणि गोजरी वेणीला बसायची.

मग एका वर्षी डोंगरावरचा झरा आटला. माणसं कशीबशी भागवतील, पण म्हशीला काय सांगणार? मग आबांनी बिऱ्हाड बांधलं. खाली नदीकाठी एक गाव होतं, तिथं जायचं ठरलं. आबांच्या खांद्यावर नाचणीचं पोतं, हातात भुरीचं दावं. आणि गोजरीनं काय घेतलं असेल? विरजणाचं गाडगं. पोटाशी धरून, ओढणीत गुंडाळून. वाटभर दर दहा पावलांवर कान लावून बघायची. अर्ध्या डोंगरापर्यंत आवाज येत होता. मग बारीक झाला. नदी ओलांडली आणि गाडगं गप्प झालं.

नवं गाव वाईट नव्हतं हो. पाणी होतं, गवत होतं, माणसं हाका मारायची. पण गोजरीला काही म्हणजे काही आवडेना. विहिरीचं पाणी म्हणे मचूळ. ज्वारीची भाकरी म्हणे पांढरीफटक, आजारी माणसासारखी. ती आपली पोत्यातली नाचणीच खायची आणि उठता बसता नदीच्या बांधावर जाऊन डोंगराकडे बघायची. आहे ना तिथंच? आहे. परत थोड्या वेळानं बघायची.

मग तिनं विरजण लावलं. गाडग्याला गोधडी गुंडाळली. सकाळी झाकणी काढली तर दुधाचं दूध. आवाज नाही. मग चुलीतल्या कोमट राखेत गाडगं रोवलं. तरी दुधाचं दूध. मग नाचणीच्या पोत्यात खोल खुपसून ठेवलं. तर वर पाणी, खाली दुधाच्या गुठळ्या आणि आवाज नाहीच. आणि दर वेळी आईचं विरजण थोडं थोडं कमी होत चाललं. तिकडे भुरीनं पान्हा चोरायला सुरुवात केली. आबा म्हणाले, असंच चाललं तर भुरीला विकावं लागेल, पोरी. गोजरी गाडगं घेऊन कोपऱ्यात बसली.

आता शेजारी कोण होतं? तानूकाकी. दोन घरांच्या मध्ये एक बुटकी भिंत होती, आणि तानूकाकीची हनुवटी दिवसातून बराच वेळ त्या भिंतीवर असायची. शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय तिला घास उतरत नसे. असतात अशा बायका. नावं ठेवू नका हं त्यांना, त्यांच्यामुळेच पुढं गोष्ट आहे.

तर एके दिवशी काय झालं, तानूकाकीच्या मांजरीनं तिचं दह्याचं गाडगंच फोडलं. घरात सासरे तापातून उठलेले, कढी हवी म्हणून हट्ट धरून बसलेले. काकी आली वाटी घेऊन. पण आली कधी, तर दिवेलागणीला. आणि दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही, लक्ष्मी जाते, असं गोजरीच्या आईनं सांगितलेलं. गोजरीनं तसं सांगून टाकलं. खरं तर तिला द्यायचंच नव्हतं. काकी म्हणाली, माझंच चुकलं बाई, वेळ नाही बघितली. आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली, तर गोजरी म्हणाली, आत्ता भुरीला पाणी दाखवायचंय. काकी तेही मानून गेली. पण भिंतीवरून बघायची थांबली का? छे.

आणि बघता बघता तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पोर गाडगं लावते, आणि उचलते. झाकणी काढते, कान लावते, हलवून बघते. जेवताना उठून बघते, झोपेतून उठून बघते. डोंगरावर तिनं असं कधी केलं नव्हतं, कारण तिथं तिला खात्री होती ना. इथं खात्री नव्हती.

मग दिवेलागणीला काकी परत आली. या वेळी भिंतीवरूनच बोलली.

"गोजरे, सारखं उचललंस तर ते लागायचं कसं? त्याला बसू दे की गं जरा."

गोजरीचे डोळे भरले. गाडग्याच्या तळाशी आता जेमतेम चमचाभर विरजण उरलं होतं. तिनं ते काकीला दाखवलं. मग काकी म्हणाली, अर्धं मला दे. मी माझ्या दुधाला लावते. तुझं अर्धं तुझ्यापाशी राहू दे.

गोजरी गाडग्याकडे बघत राहिली. हे गेलं तर आई गेली. आता खरीच गेली. आणि वर दिवे लागलेले, आईनं नको म्हटलेली वेळ. पण उद्यापर्यंत थांबलं तर तीच रात्रभर त्याला हात लावणार, हे काय तिला कळत नव्हतं?

"अर्धं नको," ती म्हणाली. "माझ्याकडे ठेवलं तर मी उचलणारच. सगळं ने."

तानूकाकीची हनुवटी भिंतीवरून उठली. ती घरात गेली आणि ओंजळभर ज्वारीचं पीठ घेऊन आली. म्हणाली, रिकाम्या हातानं नेत नाही गं. तुझं माझ्याकडे आलं, माझं तुझ्याकडे गेलं. म्हणजे लक्ष्मी काही कुठं गेली नाही. गोजरीनं बोटानं निपटून सगळं विरजण तिच्या वाटीत घातलं.

त्या रात्री आबांनी त्या पिठाच्या भाकरी थापल्या. गोजरीला उचलून बघायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती निमूट जेवली. भाकरी गोड लागली. तिला जरा रागच आला. मग विहिरीचं पाणी प्यायली आणि डोंगराकडे न बघताच झोपली. गाढ झोपली.

सकाळी भुरीच्या हंबरण्यानं जाग आली. भुरी भिंतीपाशी कान टवकारून उभी, आणि खाली दुधाच्या धारा लागलेल्या. भिंतीपलीकडून आवाज येत होता. हूं हूं हूं.

गोजरी धावत गेली. तानूकाकीच्या चुलीपाशी नवं गाडगं होतं, दही घट्ट लागलेलं. पण आवाज अगदी तोच नव्हता. मधेच एक हेलकावा होता, नदीचं पाणी काठावर आपटावं तसा. गोजरीनं बोटभर दही चाखलं. आईच्या दह्यासारखं होतं, आणि नव्हतंही. तिचा चेहरा पडला.

"काकी, आई असं नव्हती गुणगुणत."

तानूकाकीनं तिला मांडीवर ओढलं. "तुझी आई कधी आमच्या गावात आली होती का गं? आज आली. नव्या जागी आलं माणूस की थोडं बदलतं. पण आली ना?"

गोजरीनं परत कान लावला. लांबून, गाडगं न उचलता. मग मान हलवली. आली.

मग काय, काकीच्या सासऱ्यांना कढी मिळाली. निम्मं दही गोजरीच्या घरी आलं. मग कुणीतरी नेलं, मग आणखी कुणीतरी, आणि कुणी दिवेलागणीला आलंच तर सोबत ओंजळभर पीठ आणायचं, अशी त्या गावात रीतच पडली. सकाळी सगळ्या घरांतून हूं हूं हूं. भुरी तर इतकं दूध द्यायला लागली की आबांना दुसरी बादली आणावी लागली.

गोजरी मोठी झाली. कधी जत्रेला डोंगरावर गेली की तिथल्या बायका म्हणायच्या, ही बोलते बघ कशी खालच्यांसारखी. आणि नदीकाठच्या म्हणायच्या, ही चालते बघ कशी डोंगरावरच्यांसारखी. गोजरी दोन्हीकडे हसायची. आबा, तानूकाकी, भुरी, सगळे सुखात राहिले, आणि बुटकी भिंत कुणी उंच केली नाही.

झाली गोष्ट. आता तुम्हीही लावलेल्या विरजणासारखे पडा. हलायचं नाही, उठून बघायचं नाही. मीही पांघरूण उचलून बघणार नाही. सकाळी बघू, कोण कसं घट्ट लागलंय ते. हूं हूं हूं.