लग्न न झाल्याची चिठ्ठी

“दोन ओळींची तर चिठ्ठी, अक्का. तेवढ्यात तुमचं काय जातं?”

अक्का मठाच्या ओसरीवर सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत होत्या. मठ त्याच सांभाळत, वय ऐंशीच्या घरात. सकाळपासून लोकांची गाऱ्हाणी ऐकून कान किटले होते.

समोर मन्मथअप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, सदऱ्याला कडक इस्त्री. अक्का ज्या पत्र्याखाली बसल्या होत्या तो पत्रा त्यांनीच घालून दिलेला. त्यामुळे मागणं मागतानाही त्यांचा आवाज जरा वरूनच येत होता.

“परत सांगा,” अक्का म्हणाल्या.

अप्पांनी परत सांगितलं. वैतागून, एका दमात.

सून सुमंगल, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पहिली दोन वर्षं तिला शिष्यवृत्ती मिळाली. बाप शिंपी. त्याच्या उत्पन्नाचा दाखला पाहून कुणी शंका काढलीच नसती. वैशाखात याच मठात लग्न लागलं. आता फॉर्मवर ‘विवाहित’ लिहायचं, म्हणजे बापाचा दाखला चालत नाही, नवऱ्याचा लागतो. नवरा परगावी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. पगार मर्यादेच्या कितीतरी वर. झालं, शिष्यवृत्ती गेली. आता शुक्रवारपर्यंत फी भरली नाही तर कॉलेजातून नाव कमी होणार.

“मग नवऱ्यानं भरावी.”

“तो घर बांधतोय, अक्का. कर्जाचे हप्ते आहेत. आणि बैठकीत आम्ही शिकू देऊ म्हणालो होतो. खर्च करू असं कुठं म्हणालो?”

“बाप काय म्हणतो?”

“तो हात जोडून मोकळा झाला. म्हणतो, पोरगी आता तुमची.”

“मग, नाही का?”

“आहे, पण…”

अप्पा घुटमळले. मन्मथअप्पा काही वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाला चार शब्द सुनावता येतात. हा देवाधर्माचा, चारचौघांत मान असलेला, सुनेला ‘बेटा’ म्हणणारा माणूस. अशा माणसाला त्याची चूक दाखवायची तर आधी त्याच्या चांगुलपणाचा डोंगर चढून जावं लागतं. आणि अक्कांचे पाय आता थकले होते.

“कॉलेजातल्या बाबूशी बोलून ठेवलंय,” अप्पा पुढं सरकून म्हणाले. “मठाचं पत्र आणा म्हणाला. नुसता साखरपुडा झालाय, लग्न शिक्षण संपल्यावर, एवढंच लिहायचं. लग्नाची नोंद तुमच्या वहीत आहे, दुसरीकडं कुठं केलेली नाही. पोरगी कागदावर बापाकडं राहील आणि शिष्यवृत्ती चालू होईल. कुणाचं नुकसान नाही.”

“खोटं लिहू?”

“कागदापुरतं हो.”

अक्कांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

“सुमंगल उठते कधी?”

“अं? चारला. स्वयंपाक उरकून सहाची एसटी धरते. आमच्या हिचे गुडघे गेलेत ना.”

“आणि संध्याकाळी आल्यावर?”

“रात्रीचं करते. भांडी, सासूच्या पायांना तेल. घरच्या सुनेनं करायचं ते करते, जास्त काही नाही.”

“घरच्या सुनेनं…”

अक्कांनी सूप बाजूला सरकवलं.

“आणा कागद,” अक्का म्हणाल्या.

अप्पांनी खिशातून कोरा कागद काढला. घरून घडी घालूनच आणला होता. पेनही त्यांचंच. अक्का कुठल्या शाळेत गेल्या नव्हत्या. म्हातारपणी स्वतःच्या हिमतीवर लिहायला शिकलेल्या. वाटाण्याएवढं एकेक अक्षर काढत त्यांनी माहेरच्या नावानं लिहिलं, सुमंगल शिवलिंग कोरे हिचं लग्न झालेलं नाही. खाली मठाचा शिक्का मारला.

अप्पांनी हात पुढं केला. अक्कांनी कागद दिला नाही. आत पाहून हाक मारली.

“सुमंगल, ये गं माय.”

सुमंगल पदराला पीठ पुसत बाहेर आली. सासऱ्याबरोबर दर्शनाला म्हणून आली होती, आणि आल्या आल्या स्वयंपाकघरात जाऊन भाकऱ्या थापत होती.

“वाच.”

तिनं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. हे असं काही ठरलंय, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“ठीक लिहिलंय?”

“तुम्ही लिहिलंय, अक्का. मी काय बोलू?”

“मग मंगळसूत्र काढ. जोडवीही काढ.”

सुमंगलनं अक्कांकडं पाहिलं. मग सासऱ्याकडं. सासऱ्याची नजर कागदावर होती.

तिनं मागं हात नेला. आकडा केसांत अडकला होता, दोन-चार केस बरोबर घेऊनच निघाला. एक जोडवं पटकन निघालं. दुसरं निघेना. वॉर्डात उभं राहून राहून पाय सुजले होते. रांजणातलं पाणी बोटावर ओतून तिनं ते फिरवत फिरवत काढलं.

“अप्पांच्या हातात दे.”

तिनं दिलं. वर अक्कांनी चिठ्ठीही ठेवली.

“अक्का, हे काय?” अप्पांचा आवाज आता पत्र्यावरून खाली उतरला होता. “मी कागदापुरतं म्हणालो.”

“मीही कागदच बघतेय. लग्न न झालेली पोरगी परक्याच्या घरी राहील कशी? मठात राहील. इथून एसटी जवळ पडते. शिक्षण संपलं की लग्नाचं बघू.”

“अहो, घरी सगळं तिच्यावर…”

“तुमच्या घरचं तुम्ही बघा. तिचा काय संबंध?”

“शनिवारी पोरगा येईल. त्याला काय सांगू?”

“सांगा, साखरपुडा झालाय. थोडा धीर धर.”

“लोक काय म्हणतील?”

“पत्र दाखवा त्यांना. शिक्का आहे.”

अप्पांनी हातातल्या चिठ्ठीवरचा शिक्का पाहिला.

बायकोच्या गोळ्यांतली सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली, ते त्यांना ठाऊक नव्हतं. पहाटे उशाशी चहा झाकून ठेवलेला असतो. तो कोण झाकतं, हा विचार त्यांच्या मनात आजवर आला नव्हता. तो आत्ता आला, आणि आला तो गेलाच नाही. हातातलं सोनं त्यांना जड वाटायला लागलं. लग्नात वजन करून घेतलेलं, तेव्हा एवढं वाटलं नव्हतं.

सुमंगल खांबाशी जाऊन बसली. पाठ टेकली, डोळे मिटले. चार महिन्यांत सासऱ्यासमोर ती अशी पहिल्यांदाच बसली.

रडत नव्हती. नुसती दमली होती.

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं… खूप वेळ पाहिलं.

मग त्यांनी चिठ्ठी फाडली. आधी दोन तुकडे केले, मग चार.

“भरतो मी फी,” ते म्हणाले. कुणाकडंही न बघता म्हणाले. “उद्याच भरतो. पुढच्या वर्षाचीही माझ्याकडं. पोराला मी सांगेन.”

अक्का ज्वारी पाखडायला लागल्या.

अप्पा उठले. सदरा नीट केला, चपला पायात सरकवल्या. आता सगळं मिटलं होतं.

“चल सुमंगल. उशीर झाला.”

सुमंगलनं डोळे उघडले. उठली नाही.

अक्कांनी सूप खाली ठेवलं.

“मंगळसूत्र अजून तुमच्या मुठीत आहे, अप्पा. बिनलग्नाच्या पोरीला ‘चल’ म्हणत नाहीत. मागणी घालतात… बसा खाली.”