निळीचं चाक

घाटातून एका वेळी एकच गाडी जायची, त्या काळची ही गोष्ट. एका संघाच्या दोन सायकली दिवसभराच्या मोठ्या शर्यतीत उतरल्या होत्या. तांबडीवर शिरपा होता आणि निळीवर तातोबा.

शेवटच्या चढावर सगळ्यांच्या पुढे असलेल्या तांबडीचं पुढचं चाक फुटलं. सुटी चाकं आणणारी संघाची गाडी फार मागे राहिली होती. तेवढ्यात निळी आली. तातोबा खाली उतरला आणि निळीचं पुढचं चाक काढून शिरपाला द्यायला लागला. निळीनं नट आवळून धरला.

"आज मी पहिली आले असते गं," ती म्हणाली.

"आली असतीस," तांबडी म्हणाली, "पण तातोबाचे पाय बघ."

त्याचे पाय लटलट कापत होते. निळीनं नट सैल सोडला.

तांबडी जिंकली. वरचा जल्लोष निळीनं रस्त्याकडेला बसून ऐकला.

कित्येक वर्षांनी दोघी एका जुन्या दुकानात शेजारी उभ्या राहिल्या.

"तुझं चाक अजून माझ्याकडेच आहे. परत घेतेस?" तांबडीनं विचारलं.

निळीनं त्या चाकाकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या दिवशी माझ्यातलं तेवढंच वर पोचलं होतं."