मैदान तुमचंच आहे

त्या मुलखात सपाट जागा एकच होती. बाकी सगळे चढ आणि उतार. चरायचे उतारावर, निजायचे चढावर आणि खेळायचे त्या एका मैदानात, अशी तिथल्या प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

मैदान साधेच होते. कडेने हरणांच्या शर्यतीची धावपट्टी, मधोमध एडक्यांच्या टकरीची जागा आणि भोवती मातीचा बांध. बांधावर बसून सगळे खेळ पाहत. पाऊस जास्त झाला की बांध खचे आणि पुढच्या रांगेतले घसरत थेट धावपट्टीवर येऊन पडत. हंगामात सकाळी शर्यत होई, दुपारी टकरी. शर्यतीचे वेड सशांना आणि टकरीचे शेळ्यांना. पण शर्यत संपली म्हणून कुठला ससा उठून जात नसे, आणि शेळ्याही सकाळपासूनच जागा धरून बसत.

गोजरा नावाची एक तांबडी शेळी आणि तुळाजी नावाचा एक ससा यांची ओळख त्या बांधावरच झाली होती. तुळाजी ठेंगणा. पुढे कुणी बसले की त्याला काही दिसत नसे. एका वर्षी गोजराने त्याला आपल्या पाठीवर चढून बसायला सांगितले, आणि तीच त्याची जागा ठरून गेली. शर्यत रंगात आली की तो मागच्या पायांनी तिच्या पाठीवर धपाधप आपटत असे.

"तुळाजीभाऊ, पाठ आहे ती माझी, ढोल नव्हे," ती म्हणायची.

"आणि दुपारी टकरीच्या वेळी तुम्ही उड्या मारता तेव्हा मी कुठे पडतो, ते कधी बघितलंत का?" तो म्हणायचा.

मुलखाचा कारभार पंचमंडळाकडे होता आणि पंचमंडळाचा प्रमुख होता एक सारस. उंच, शांत, गोड बोलणारा. एके वर्षी बांध पुन्हा खचला तेव्हा सारसाने सर्वांना बोलावून सांगितले की हे मैदान आता नव्याने बांधायचे. दगडाच्या पायऱ्या होतील, वर छप्पर येईल, मधोमध मऊ हिरवळ लावली जाईल. "मैदान तुमचंच आहे," तो म्हणाला, "आम्ही फक्त ते तुम्हाला शोभेलसं करतोय." सगळ्यांना आनंद झाला. हत्ती दगड वाहू लागले, आणि बांधकाम चालू असेपर्यंत खेळ बंद राहतील हे सगळ्यांनी खुशीने मान्य केले.

मैदान पुरे झाले तेव्हा ते पाहून खरोखर डोळे दिपत. पण पायऱ्यांवर बसून पाहिल्यावर शेळ्यांच्या लक्षात आले की धावपट्टी पूर्वीपेक्षा रुंद झाली आहे, पायऱ्या तिच्या बाहेरून सुरू होतात आणि टकरीची जागा फार लांब पडते.

"शिंगावर शिंग आदळल्याचा आवाजच येणार नाही इथवर," गोजरा म्हणाली. "टकरीत दुसरं असतं काय? धावपट्टी काढून पायऱ्या पुढे घ्यायला हव्यात."

ती हे सहज बोलली होती. तुळाजी तिच्या शेजारीच होता. तो म्हणाला, "अन् मग हरणांनी कुठे धावायचं? उतारावर?"

"तसं नाही हो म्हणायचं मला."

"तसंच होतंय त्याचं."

दोघे सारसाकडे गेले. सारसाने दोघांचे ऐकून घेतले, मान हलवली आणि म्हणाला, "तुम्हा दोघांचंही बरोबर आहे. आम्ही कोण ठरवणार? मैदान तुमचंच आहे. तुम्ही एकमताने काय ते सांगा, लगेच दार उघडतो."

तोवर दाराला कुलूप लागले.

पहिली सभा चिंचेखाली झाली आणि ती चांगली झाली. शेळ्यांनी आवाजाचे आणि अंतराचे मुद्दे मांडले. सशांनी सांगितले की धावायला सपाट वाट मुलखात दुसरीकडे कुठेच नाही. कुणीतरी म्हणाले, पुढच्या सभेत मार्ग निघेल. पुढच्या सभेला आपल्याकडचे जास्त जण आणायचे, असे मात्र दोन्हीकडच्यांनी परस्पर ठरवले. तिसऱ्या सभेला शेळ्या एका बाजूला आणि ससे दुसऱ्या बाजूला बसले. त्यानंतर कधीतरी कुणी म्हणाले की शर्यत हा मुळी खेळच नव्हे, ते नुसते पळणे आहे. त्यावर उत्तर आले की टकरी पाहणाऱ्यांची डोकी टकरी खेळणाऱ्यांपेक्षा जास्त बधिर झालेली दिसतात. शेळ्यांनी गोजराला पुढारी केले, सशांनी तुळाजीला. दोघेही भाषणे करू लागले. दोघांनाही ती जमत होती, आणि टाळ्यांची चव एकदा लागल्यावर पुढची भाषणे आणखी तिखट होत गेली.

दरम्यान मैदान रिकामे का ठेवायचे, म्हणून सारसाने ते मोरांच्या नाचाला दिले. मग पोपटांच्या मेजवानीला. मग त्याच्या स्वतःच्या पुतण्याचे लग्न तिथे झाले. मांडवाच्या खुंट्यांनी हिरवळीत भोके पडली. शेळ्यांनी ती कुंपणातून पाहिली आणि म्हणाल्या, "सशांनी हट्ट धरला नसता तर ही वेळ आली नसती." सशांनीही पाहिली आणि दोष शेळ्यांना दिला.

एका सभेला दोन पाहुणे आले. झुळूक नावाची हरिणी आणि रायाप्पा नावाचा एडका. मैदान बंद झाले त्या वर्षी झुळूक पहिल्यांदा शर्यत जिंकणार, असे सगळे म्हणत होते. रायाप्पाला तर टकरीत कुणी हरवलेच नव्हते. दोघे आत आले तेव्हा दोन्ही बाजूंनी जोरदार घोषणा झाल्या.

रायाप्पा मधोमध उभा राहिला. त्याला बोलायची सवय नव्हती. "मला एवढंच सांगायचंय," तो म्हणाला, "की आमची काही अडचण नाही. सकाळी या धावतील, दुपारी आम्ही टकरी खेळू. आधी होतं तसं. लांबून दिसत नसेल तर टकरीच्या वेळी तुम्ही धावपट्टीवर येऊन बसा. आम्ही बोललोय आपसात."

शेळ्यांच्या बाजूने लगेच आवाज आला, "म्हणजे आम्ही खाली धुळीत बसायचं?" सशांकडून आला, "शेळ्यांच्या खुरांनी पट्टीची चाळण होईल, त्याचं काय?"

झुळूक पुढे झाली. "काका, काकू, ऐका ना. उतारावर सराव करून आमचे पाय जातायत. वेगात धावायचे हंगाम आमच्या वाट्याला थोडेच असतात. माझे निम्मे तुमच्या सभांतच गेले. दार उघडा, एवढंच म्हणणं आहे."

"तू धावायचं बघ पोरी," सशांमधला एकजण ओरडला. "शर्यतीचं हित कशात आहे ते आम्हाला कळतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघतोय शर्यत."

आणि रायाप्पाला शेळ्यांनी फितूर म्हटले. पहिल्यांदा कोण म्हणाले ते कळले नाही, पण दुसऱ्यांदा ते गोजराच्याच तोंडून गेले. रायाप्पाने तिच्याकडे पाहिले. त्याच्या प्रत्येक टकरीला ती हजर असायची, हे त्याला माहीत होते. तो वळला आणि निघून गेला. तुळाजीला झुळुकेसाठी काहीतरी बोलायचे होते, पण त्याच्या मागे सगळे ससे उभे होते आणि ते ओरडत होते. तो गप्प बसला.

पुढच्या थंडीत झुळूक उतारावर धावताना पडली आणि तिचा पाय मोडला. तुळाजी तिला भेटायला गेला. ती एका खडकाच्या आडोशाला पडून होती. पाय वाकडा जुळत होता, हे कुणालाही दिसले असते.

"कसं चाललंय सभेचं?" तिने विचारले.

"जिंकत आलोय पोरी. धावपट्टी जात नाही आता. परवा मी असं बोललो की शेळ्यांना उत्तर सुचेना."

"बरं झालं," झुळूक म्हणाली. मग वाकड्या पायाकडे बघत म्हणाली, "काका, धावणार कोण आहे तिच्यावर?"

तुळाजी उठून निघाला. उतरताना त्याला कळले की रायाप्पाने तर मुलूखच सोडला. डोंगरापलीकडे तो आता मिठाच्या गोण्या वाहत होता.

तुळाजी घरी गेला नाही. तो थेट गोजराच्या गोठ्याशी गेला. कित्येक हंगामांत दोघे सभेबाहेर बोलले नव्हते. गोजरा त्याला पाहून आधी उभी राहिली, मग खाली बसली.

"भांडायला आलात?"

"नाही. दमलो म्हणून आलो."

गोजरा त्याच्यासाठी थोडी सरकली. मग म्हणाली, "मी त्याला फितूर म्हटलं हो, तुळाजीभाऊ. रायाप्पाला. रोज आठवतं. आणि रोज सभेत जाऊन आणखी वाईट काहीतरी बोलते."

"मीही तेच करतो."

त्या एका दुपारी दोघांनी सगळे ठरवले. धावपट्टी राहील, थोडी अरुंद होईल. पायऱ्यांच्या दोन रांगा पुढे येतील. सकाळ हरणांची, दुपार एडक्यांची. इतके सोपे होते की दोघांनाही शरम वाटली. शेवटी गोजरा हसली, आणि तिला हसताना पाहून तुळाजीही हसला.

दुसऱ्या दिवशी दोघांनी आपापल्या बाजूला हा तोडगा सांगितला. शेळ्यांनी गोजराला विचारले की सशांनी तिला काय कबूल केले आहे. सशांनी तुळाजीला बोलूच दिले नाही. संध्याकाळपर्यंत दोघांचेही पुढारीपण गेले. शेळ्यांचा नवा पुढारी एक तरुण बोकड झाला. त्याने आयुष्यात एकही टक्कर पाहिली नव्हती, कारण तो जन्मला तेव्हा मैदान बंदच होते. सशांनीही त्याच वयाचा एक ससा निवडला. दोघांचे आवाज फार मोठे होते.

गोजरा आणि तुळाजी मग सारसाकडे गेले. त्यांनी तोडगा त्याच्यापुढे मांडला.

"उत्तम आहे," सारस म्हणाला. "पण हे एकमत नव्हे. तुम्ही आता कुणाच्या वतीने आलात?"

"आम्ही खेळ बघायला यायचो, सारससाहेब," गोजरा म्हणाली. "कुणाच्या वतीने नाही. मैदान उघडा म्हणायला आलोय."

"मैदान तुमचंच आहे," सारस म्हणाला. "माझा जीव तुटतो ते बंद बघून. पण मी एका बाजूचा निकाल दिला तर दुसऱ्या बाजूवर अन्याय होईल."

तुळाजीने मागचा पाय जमिनीवर इतक्या जोरात आपटला की माती उडाली. सारसाने ती पंखांवरून हळूच झटकली.

थोड्याच दिवसांनी पंचमंडळाने दवंडी पिटवली. वाद आता मैदानातच मिटवू. दोन्ही पक्षांनी समोरासमोर पायऱ्यांवर बसावे, आपापले म्हणणे मांडावे. पंचमंडळ ऐकेल आणि तिथल्या तिथे निर्णय देईल. दोन्हीकडे जल्लोष झाला. गोजराला वाटले, निदान एकदा सगळ्यांसमोर बोलता येईल. तिने तुळाजीला निरोप धाडला की आपण दोघे एकदम उभे राहू.

पण दारे दोन होती. पूर्वेच्या दाराने शेळ्या, पश्चिमेच्या दाराने ससे. रखवालदार तरसांनी तुळाजीला गोजराबरोबर आत जाऊ दिले नाही. ती पूर्वेच्या पायऱ्यांवर चढली, आणि इतक्या वर्षांनी प्रथमच तिने ते मैदान आतून भरलेले पाहिले. एक पायरी रिकामी नव्हती. बोकडाने पहिली घोषणा दिली आणि सगळी पूर्व बाजू उसळली. समोरून सशांनी त्याहून वरचढ उत्तर दिले. छपरामुळे आवाज घुमत होता. फार चांगले बांधलेले छप्पर होते ते.

गोजराने हिरवळीकडे पाहिले. ज्या जागेवर रायाप्पा टकरी खेळायचा, तिथे गालिचा अंथरला होता. त्यावर आसने मांडली होती. सारस बसला होता, पंचमंडळ बसले होते, आणि डोंगरापलीकडून आलेले पुष्कळ पाहुणे, मोर, पोपट, लांब मानेचे बगळे, फराळाची ताटे पुढे घेऊन बसले होते. पूर्वेकडून घोषणा झाली की सगळ्या माना पूर्वेकडे वळत. पश्चिमेकडून उत्तर आले की सगळ्या एकदम पश्चिमेकडे. एखादी घोषणा फारच झणझणीत झाली की पाहुणे एकमेकांना कोपरखळ्या मारत आणि पंख आपटून दाद देत. कुठल्याही पक्षाचे म्हणणे कुणी विचारले नव्हते, आणि विचारायची कुणाला घाई दिसत नव्हती.

गोजरा शेजारच्या शेळीला म्हणाली, "अगं, ते आपल्याला बघतायत." शेजारची ओरडण्यात गर्क होती. गोजराने बोकडाला हाक मारली. त्याने ऐकले नाही. तेव्हा ती पायरीवर उभी राहिली. समोर, सशांच्या गर्दीत, कुणाच्या तरी मागे झाकला गेलेला, तुळाजी कुठे आहे ते तिला दिसेना.

तिने पुढचे पाय कठड्यावर टेकवले आणि छातीतला सगळा श्वास गोळा करून ओरडली, "तुळाजीभाऊ! गप्प करा त्यांना! सगळे गप्प बसा!"

मधल्या आसनांवरच्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एका बगळ्याने ताट बाजूला ठेवले, आणि मग आणखी कितीतरी पाहुणे उठून उभे राहून तिच्यासाठी पंख आपटू लागले.