जमिनीखालची मालकी

नाशिकच्या रणदिवे बिल्डरांनी पार्किंगसाठी तीन मजली तळघर खणायला घेतलं. कडेची माती ढासळू नये म्हणून भिंत बांधली, आणि ती मागे खेचून धरायला पोलादी दोर मातीत खोलवर रोवले. ते गेले थेट शेजारच्या सोसायटीखाली.

सोसायटीच्या सेक्रेटरी टिपणीसबाई हे सगळं बांधकामाभोवतीच्या पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून कुतूहलानं बघायच्या. एके सकाळी त्या सरळ आत शिरल्या.

"हे दोर आमच्याखाली कुणाला विचारून घातलेत? उद्या एखादा सैल पडला, भिंत सरकली, तर आधी आमची इमारत खचेल. भिंत किती हलते ते मोजणारी यंत्रं बसवा आणि आकडे आम्हालाही दाखवा."

शेजारी म्हणजे हॉर्न वाजवला की बाजूला होणारी माणसं, असं रणदिव्यांचं मत. ते हसले. "बाई, तुमची मालकी वरची. जमिनीखाली कुणाचीच मालकी नसते!"

"असं होय?" म्हणत बाईंनी गॅलऱ्यांकडे तोंड करून हाक दिली, "ऐका हो! पार्किंगचा प्रश्न मिटला. साहेबांचं तळघर झालं की आपापल्या गाड्या तिथंच लावा. जमिनीखाली कुणाचीच मालकी नसते, साहेब स्वतः सांगतायत!"

गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. रणदिव्यांनी एकदा तळघराकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"यंत्रं," ते हळूच म्हणाले, "कुठंकुठं बसवू?"