टिचकीचा थेंब आणि रिकाम्या घरातला हूऽऽ

डोंगरावर एक घर होतं. घरात माणूस नव्हतं. होती फक्त टिचकी चिचुंद्री आणि तिचं एवढंसं पिल्लू.

थंडी आली तशी माणसं खाली गावाला गेली. जाताना घरच्या पद्माकाकू म्हणाल्या, "घर सोडताना पाणी रितं ठेवू नये. टाकी भरा. बंब भरा."

राखणदार भैरूतात्या म्हणाले, "काकू, हितं थंडीत पाण्याचा दगुड हुतो. नळ रितं करूनच जावा."

"रितं रितं काय म्हणता, तात्या? शुभ बोला," काकू म्हणाल्या.

झालं. सगळं काठोकाठ भरलं. दाराला कुलूप लागलं.

रोज सकाळी मोरीतला नळ एक थेंब टाकायचा. टप्. तो थेंब टिचकीचा. थोडा तिला, थोडा पिलाला.

एक दिवस सकाळ झाली. खिडकीला पांढरं पांढरं धुकं चिकटलं. पण टप् झालंच नाही.

पिल्लू म्हणालं, "आई, पाणी."

टिचकी निघाली. चिचुंद्रीला दिसतं कमी. म्हणून ती भिंत सोडत नाही. भिंतीकडेने तुरुतुरु, भिंतीकडेने तुरुतुरु. घर गप्प. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. एक चादर हळूच हलली. कुणी हलवली? कुणीच नाही.

लांबून आवाज आला. हूऽऽऽ.

टिचकी घाबरली. पण पिल्लू तहानलेलं, थांबून कसं चालेल?

"नळदादा, नळदादा, ठिबक ना. नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

नळ म्हणाला, "मी काय करू? पाइप सुटेना, मी ठिबकू कसा?"

भिंतीकडेने तुरुतुरु. पाइपच्या पोटात बर्फ झाला होता. कर्रर्र, कर्रर्र.

"पाइपदादा, पाइपदादा, सुट ना. पाइप सुटेना, नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

पाइप म्हणाला, "मी काय करू? बंब तापेना, मी सुटू कसा? लवकर कर गं. पोट ताणलंय. उद्या मी फुटणार."

भिंतीकडेने तुरुतुरु. कोपऱ्यात, पाइपला चिकटून, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. पोट गोल, तोंड काळं.

"बंबमामा, बंबमामा, ताप ना. बंब तापेना, पाइप सुटेना, नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

बंब म्हणाला, "मी काय करू? काडी पेटेना, मी तापू कसा?"

भिंतीकडेने तुरुतुरु. फळीवर काडेपेटी. पेटीत एकच काडी.

"काडीताई, काडीताई, पेट ना. काडी पेटेना, बंब तापेना, पाइप सुटेना, नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

काडी म्हणाली, "मी काय करू? तात्या येईनात, मी पेटू कशी?"

उंबऱ्याखाली एक फट होती. टिचकी फटीतून बाहेर पडली. घराभोवतीच्या दगडी गडग्याच्या कडेने तुरुतुरु. गवत पांढरं. दव कडक. पायांना चटके.

भैरूतात्या आपल्या खोपटात घोंगडी पांघरून चुलीपाशी बसले होते.

"तात्या, तात्या, या ना. तात्या येईनात, काडी पेटेना, बंब तापेना, पाइप सुटेना, नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

तात्यांनी घोंगडी आणखी ओढली. "म्या काय करू? हूऽऽ थांबंना, म्या येऊ कसा? त्या घरात कुणी न्हाई. तरी कुणीतरी हूऽऽ करतंय."

टिचकीच्या मिशा थरथरल्या. आता हूऽऽकडेच जायचं. ती परत फटीतून आत आली. अंगावर गार श्वास आला. हूऽऽऽ. सगळ्या चादरी फुगल्या.

"हूऽऽबाबा, हूऽऽबाबा, थांब ना. हूऽऽ थांबेना, तात्या येईनात, काडी पेटेना, बंब तापेना, पाइप सुटेना, नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

हूऽऽ तिच्या कानात म्हणाला, "मी वारा. मी काय करू? फट बुजेना, मी थांबू कसा?"

"फटीबाई, फटीबाई, बुज ना. फट बुजेना, हूऽऽ थांबेना, तात्या येईनात, काडी पेटेना, बंब तापेना, पाइप सुटेना, नळ ठिबकेना, माझं पिल्लू पाणी पाणी करतं."

फट म्हणाली, "मला उकरलं कुणी? तूच उकरलंस. मग तूच बुजव."

खरंच की. ये-जा करायला टिचकीनेच ती माती उकरली होती.

बुजवायचं कशानं? माती दगडासारखी घट्ट. चादरी केवढ्या मोठ्या! तिला ओढवेल असं मऊ एकच होतं. टिचकीचं अंथरूण. कापूस, चिंध्या, दोन पिसं. वर पिल्लू झोपलेलं.

टिचकीला रडू आलं. तिने पिलाला उचलून गार फरशीवर ठेवलं. अंथरूण ओढलं. फटीत कोंबलं. चिंधी कोंबली, कापूस कोंबला, दोन्ही पिसं कोंबली.

हूऽऽ... हू... ह.

घर एकदम गप्प. चादरी खाली बसल्या.

फट बुजली. हूऽऽ थांबला. तात्या आले. किल्ली फिरली, खट्. तात्यांनी आधी नळ सोडला, मग बंबात गोवऱ्या भरल्या. काडी पेटली, फुर्र. बंब तापला, भडभड. पाइप सुटला, गुडगुड गुडगुड.

आणि नळ ठिबकला.

टप्.

पिलाने जीभ लावली. चुळुक चुळुक. टिचकीने उरलेला थेंब चाटला.

मग तात्यांनी टाकी रिती केली. पाइप रिता केला. त्यावर गोणपाट गुंडाळलं. गोणपाटाचा एक तुकडा पिलाच्या अंगावरही घातला. बंबाशेजारी एक वाटी ठेवली, काठोकाठ भरून.

"काकू, घर रितं न्हाई ठेवलं बरं का," तात्या खाली गावाकडे बघून म्हणाले. "बंबात रोज निखारा घालीन आन् ह्या चिचुंद्रीची वाटी भरीन."

बाहेर हूऽऽ अजून फिरतो. दाराशी येतो. फट शोधतो. ऐक बरं. ऐकू येतो?

येतो ना. पण फट बुजलेली आहे. पिलाचं पोट भरलं, आपली गोष्ट ठिबकली.

टप्.